बालशिक्षिकेची उमेदवारी

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहिण्याची जी रीत पडून गेली आहे, तीत शाळा केव्हा निघाली, तिला देणगी कोणी दिली, सरकारने कोणता ठराव केला व पटावर मुले किती होती, या गोष्टींना मानाचे पान मिळते. त्या शाळेत जी बाई मुलांसमोर उभी राहिली ती शिकवावयास कशी शिकली, हे सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या मुलांच्या शाळेपुरते हे एक वेळ चालून जाईल. कारण तेथे निदान पाठ्यपुस्तक असते, आणि पुस्तक पुष्कळदा शिक्षकाची उणीव झाकून नेते. तीन-चार वर्षांच्या मुलापुढे पुस्तक नसते. तेथे जे काही असते ते त्या बाईच्या हातात, आवाजात आणि सबुरीत असते. म्हणून बालशिक्षणाचा इतिहास हा खरे पाहता बालशिक्षिका कशा घडल्या याचा इतिहास असावयास हवा. त्या इतिहासाचा एक धागा भावनगराहून निघून मुंबईमार्गे ठाणे जिल्ह्याच्या (आताच्या पालघर जिल्ह्याच्या) किनाऱ्यावर आलेला आहे. तो थोडा उलगडून पाहावा असा आमचा विचार आहे.

जुन्या मराठीत ‘उमेदवारी’ हा एक चांगला शब्द होता. निवडणुकांनी तो पळविला. पूर्वी कचेरीत कारकुनाच्या शेजारी बसून काम शिकणाऱ्या पोराला उमेदवार म्हणत. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याच्या हाताखालीही उमेदवार असे. आम्ही तो शब्द येथे त्या जुन्या अर्थाने घेतो. उमेदवारीचे मर्म असे की, शिकणारा प्रत्यक्ष कामात असतो, शिकविणाराही त्याच कामात असतो, आणि चूक झाली तर ती त्याच दिवशी, त्याच जागी दिसते. गवयाची तालीम अशीच चालत आली. बालशिक्षिकेची तालीम अशी चालावी असे मात्र फार थोड्या लोकांच्या मनात आले.

ज्या बाईंच्या नावाने आपल्याकडील बालमंदिरे ओळखली जाऊ लागली त्या डॉ. मॉन्टेसरीबाईंचे या बाबतीतले चरित्र मोठे विलक्षण आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत त्यांचे पहिले ‘बालगृह’ उघडले. बाई स्वतः डॉक्टर. त्यांना इतर कामे होती. तेव्हा रोज मुलांजवळ बसणारी व्यक्ती दुसरीच होती, आणि ती शिक्षणशास्त्र शिकलेली नव्हती. त्या इमारतीच्या राखणदारिणीची ती मुलगी होती. अध्यापनविद्यालयातून पढून आलेली शिक्षिका नव्हती याचे बाईंना दुःख झाले नाही, उलट बरेच वाटले. कारण तिला विसरावयाचे काही नव्हते. म्हणजे ज्या पद्धतीचा पुढे जगभर डंका वाजला तिची पहिली शिक्षिका ही एक उमेदवारच होती. पुढे मात्र चित्र पालटले. १९१३ मध्ये रोमला पहिला आंतरराष्ट्रीय वर्ग भरला. व्याख्याने, टिपणवह्या, निरीक्षणाचे तास व परीक्षा असा क्रम ठरला. या वर्गाची पदविका घेणाऱ्यास मुलांना शिकविण्याचा अधिकार मिळे. पण नवे शिक्षक तयार करण्याचा अधिकार बाईंनी स्वतःच्या हाती राखून ठेवला. पद्धतीत भेसळ होऊ नये हा त्यांचा हेतू होता, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. तरी याचा एक परिणाम झाला. शिक्षिकेने शिक्षिका घडवावी हा जो साधा, घरगुती मार्ग होता, तो त्या संप्रदायात अरुंद होत गेला.

भावनगरचे गिजुभाई बधेका हे अशा कोणत्याही वर्गाला गेलेले नव्हते. ते वकील. १८८५ चा त्यांचा जन्म. काही काळ आफ्रिकेत काढून आल्यावर त्यांनी वढवाणला वकिली केली, आणि १९१६ मध्ये ती सोडून नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ति संस्थेत गेले. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या चिंतेतून त्यांनी मॉन्टेसरीबाईंचे पुस्तक वाचले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी भावनगरला बालमंदिर उघडले. त्यांना हाताशी धरणारे कोणी नव्हते. एका बाजूस पुस्तक व दुसऱ्या बाजूस मुले. पुस्तक व मूल यांचे पटले नाही तर मुलाचे ऐकावयाचे, हाच त्यांचा परिपाठ. गुजराथेत त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, असे म्हणत. पुष्कळांना हे नाव कौतुकाचे वाटते. आम्हांस ते वर्णनाचे वाटते, कारण आईदेखील आईपण कोणत्या वर्गात शिकत नाही.

येथे ताराबाई मोडक येतात, आणि ज्या प्रकारे येतात ते लक्षात घेण्यासारखे आहे. १८९२ मध्ये मुंबईस, प्रार्थनासमाजी केळकरांच्या घरी जन्मलेल्या ताराबाई १९१४ च्या पदवीधर. अमरावतीचा संसार मोडल्यावर त्या राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. त्या काळी ही जागा एका हिंदी स्त्रीला मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. म्हणजे शिक्षिका तयार करणे हाच त्यांचा अधिकृत व्यवसाय होता. तो अधिकार व पगार सोडून १९२३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात कामाला गेल्या. ट्रेनिंग कॉलेजची प्रमुख उमेदवार झाली! त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले असेल याचा तर्क आम्ही करीत नाही. घडले ते एवढेच की, अध्यापनशास्त्र शिकविणाऱ्या बाईने अध्यापन शिकण्यासाठी मुलांची खोली निवडली, आणि तेथे सुमारे नऊ वर्षे काढली.

भावनगरचे बालमंदिर हे शिक्षक तयार करण्याचेही ठिकाण होते. त्याला जोडून अध्यापन मंदिर चाले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि ‘शिक्षणपत्रिका’ गुजराथीत व पुढे ताराबाईंच्या संपादकत्वाखाली मराठीतही निघाली. दूरच्या गावी एकट्या पडलेल्या शिक्षिकेला मासिकाच्या द्वारे सोबत द्यावयाची, असा हा खटाटोप होता. मासिक वाचून कोणी बालशिक्षिका होत नाही हे खरे. तथापि जिने एकदा एखाद्या बालमंदिरात वर्ष-दोन वर्षे काढली आहेत, तिला महिन्याकाठी येणारे ते काही पाने पत्रासारखे उपयोगी पडते.

गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक प्रसिद्धच आहे. चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या लक्ष्मीशंकर नावाच्या शिक्षकाची ती कल्पित हकीकत. वाचणारे बहुधा त्या शिक्षकाच्या युक्त्यांवर लुब्ध होतात. आमचे लक्ष त्यातील शिक्षणाधिकाऱ्याकडे गेले. हा अधिकारी प्रथम साशंक आहे. पण तो वर्ग देतो, मुदत देतो, मधून मधून येऊन पाहतो, प्रश्न विचारतो, आणि इतर मास्तर हसत असताना स्वतः हसत नाही. तपासनिसाने शिक्षकाशी कसे वागावे याचा असा पाठ मोठमोठ्या अहवालांत आम्हांस आढळला नाही. पुस्तकाचे नाव दिवास्वप्न आहे. त्यातील शिक्षकापेक्षा तो अधिकारीच अधिक स्वप्नवत् वाटतो असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

जून १९३९ मध्ये गिजुभाई वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉन्टेसरीबाई मद्रासेजवळ अड्यारला आल्या, आणि त्यांच्या पहिल्या वर्गाला सुमारे ३०० विद्यार्थी जमले. ज्यांनी त्यांचे पुस्तक गुजराथच्या मातीत रुजविले त्यांची व त्यांची गाठ पाच महिन्यांनी चुकली. युद्धामुळे बाईंचा हिंदुस्थानातील मुक्काम लांबला व १९४६ पर्यंत त्यांनी येथे अनेक वर्ग घेतले. पण तोवर ताराबाई दुसऱ्याच वाटेला लागल्या होत्या.

१९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढला. मुंबईतील मध्यमवर्गाने त्याचे स्वागत केले, आणि हा प्रयोग येथेच थांबता तर आज आपण त्याची आठवण एक चांगली शहरी शाळा म्हणून केली असती. पण खेड्यातील गरीब मुलाला हे शिक्षण कसे मिळणार, हा प्रश्न गांधीजींच्या विचारांमुळे त्या काळी हवेतच होता. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर नयी तालीमचे क्षेत्र सात वर्षांखालील मुलांपर्यंत वाढविण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्डी येथे ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. ते वर्ष त्या मुलखात मोठ्या उलथापालथीचे होते. याच भागात गोदावरी परुळेकरांच्या पुढारीपणाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध व लग्नगड्याच्या गुलामीविरुद्ध डोके वर काढले होते. ज्यांच्या बापांचे अंगच स्वतःच्या मालकीचे नव्हते त्यांच्या मुलांसाठी बालवाडी, असा तो प्रसंग होता.

बालवाडी उघडली तेव्हा गावातील बऱ्या घरची मुले आली. हरिजनांची व आदिवासींची आली नाहीत. कोणी गुरांमागे होती, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली होती, आणि गावातल्या त्या चांगल्या जागेत पाऊल टाकण्याची कित्येकांची छातीच नव्हती. मुले येत नाहीत तर शाळेने जावे, असे ठरले. वस्तीत जाऊन एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडावयाचे, मुलांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली.

या हकिकतीत साधनांचा जो फेरबदल झाला तो आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. आणि त्याचा विचार पुरेसा झालेला नाही असे आम्हांस वाटते. मॉन्टेसरीबाईंच्या लाकडी साधनांचा एक गुण असा की, त्यांत चूक आपोआप दिसते. कमी-अधिक जाडीचे दट्टे खोबणीत बसवावयाचे असतात. एक चुकला की शेवटचा उरतो, आणि बाईंनी तोंड उघडण्यापूर्वीच मुलाला ते कळते. ही साधने महाग. खेड्यात ती परवडणारी नव्हती. म्हणून बोर्डीला शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती, काड्या यांवर भागविले गेले. हे कौतुकास्पद आहे आणि त्याचे कौतुक पुष्कळ झालेही आहे. पण शिंपल्यात चूक दाखविण्याची सोय नसते. लहानापासून मोठ्यापर्यंत शिंपले लावणाऱ्या मुलाने मध्येच एक भलता ठेवला, तर शिंपला काही बोलत नाही. बोलावे की न बोलावे, आता की उद्या, की शेजारी दुसरी ओळ मांडून मुलाने आपणच पाहण्याची वाट बघावी, हे सर्व बाईंनी ठरवावयाचे. लाकडी पेटीत जे शहाणपण सुताराने भरून ठेवले होते, ते आता शिक्षिकेच्या अंगी असावे लागले. साधन स्वस्त झाले तसतशी शिक्षिकेची कसोटी महाग झाली.

असे शहाणपण व्याख्यानाने येत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या अंगी दिसल्याने, आणि आपल्या हातून चुकले असता त्या दुसऱ्याने हळूच सांगितल्याने येते. बोर्डी-कोसबाडला ते कसे आले हे अनुताई वाघांच्या चरित्रावरून कळते. १९१० मध्ये मोरगावला जन्म. तेराव्या वर्षी लग्न व सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिक्षिकेचा पेशा, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी, आणि नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक. बोर्डीस आल्या तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या अनुभवी शिक्षिका होत्या. पण त्यांचा अनुभव बाकांवर बसलेल्या शहरी मुलींचा. उघड्या अंगाचे, दुसऱ्याच बोलीचे, अनोळखी बाई दिसली की पळणारे मूल त्यांच्या पूर्वीच्या वर्गात कधी आलेले नव्हते. ताराबाई त्या वेळी त्रेपन्न वर्षांच्या. त्यांच्या पाठीशी बालमंदिराचा बावीस वर्षांचा अनुभव होता, पण वारल्यांचा पाडा त्यांनाही नवाच. एकीला मूल माहीत, दुसरीला राबण्याची सवय, आणि गाव दोघींनाही अनोळखी.

आमच्या मते या नात्याचे सारे बळ येथेच आहे. जाणत्याने अजाणत्यास शिकवावे अशी ही सरळ गोष्ट नव्हती. ताराबाईंना मुलांच्या वाढीचे ज्ञान होते म्हणून त्या सांगू शकत. पण सांगितलेले पाड्यावर चालते की नाही हे अनुताई करून पाहत, आणि न चालल्यास सांगण्यातच फेरफार करावा लागे. वरिष्ठाचा शब्द कनिष्ठाच्या कामाने रोज तपासला जात होता. १९४५ पासून १९७३ मध्ये ताराबाईंचे देहावसान होईपर्यंत, अठ्ठावीस वर्षे, हे चालले. त्यानंतर १९९२ मध्ये कोसबाडलाच देह ठेवीपर्यंत अनुताईंनी तोच संसार चालविला, आणि ज्या बालसेविका त्यांच्या हाताखाली तयार झाल्या त्यांतल्या कित्येक आसपासच्या खेड्यापाड्यांच्याच होत्या. ज्यांना पुस्तकी परीक्षेच्या दाराशी कोणी उभेही केले नसते, अशा बाया मुलांत बसून मुलांच्या बाई झाल्या. सान लोरेन्झोच्या त्या राखणदारिणीच्या मुलीशी त्यांचे नाते जोडावेसे वाटते; मध्ये रोमची पदविका आली नाही एवढेच.

उमेदवारीच्या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. गुरूचे गुण जसे हाती येतात तसे त्याचे लहरी स्वभाव व खोडीही येतात. अशी परंपरा एका-दोघांच्या आयुष्यावर टांगलेली असते. ती माणसे गेली की विरळ होते. शिवाय ती फार थोड्यांना पुरते. अनुताईंच्या शेजारी किती जणी बसू शकणार? देशाला लाखो बाया हव्या असतील तर वर्ग, पुस्तके, परीक्षा यांवाचून गत्यंतर नाही, असे म्हणणारे चुकीचे बोलत नाहीत. वर्गाचा आणखी एक गुण आहे. ज्या बाईच्या वाट्यास कोणी ताराबाई आली नाही, तिला तो निदान काहीतरी देतो.

तथापि प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. बोर्डी-कोसबाडचा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिने उचलला व तो आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत रुळला आहे. देशात अंगणवाड्यांची संख्या आता जवळजवळ १४ लाख आहे. मुलांना आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, वरच्या दवाखान्याकडे पाठवणी, आयांना आहार व आरोग्याची माहिती, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा एका सेविकेवर व एका मदतनिसावर सोपविल्या गेल्या. सहांतील सहावी ती बालवाडी! ज्या देशात मुले उपाशी आहेत तेथे आहाराला पहिला मान मिळावा यात गैर काही नाही. पण अंगणातील शाळा स्वस्त असते एवढेच बोर्डीपासून घेतले गेले, आणि ती स्वस्त शाळा एका जाणत्या बाईच्या नित्य सोबतीवर उभी होती ही गोष्ट मागे राहिली.

सोबतीच्या जागी योजनेत पर्यवेक्षिका आली. तिला मुख्यसेविका असेही म्हणतात, आणि नावावरून ती सेविकांतली मोठी बहीण असावी असे वाटते. तिच्याकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात. डोंगराळ भागात त्या कित्येक मैलांवर विखुरलेल्या. महिन्यातून एखादी फेरी झाली तर ती तासा-दोन तासांची, आणि त्यात वजनाचा तक्ता, धान्याचा साठा व नोंदवह्या पाहण्यातच वेळ सरतो. नोंदवह्यांची संख्या अकरापर्यंत गेली होती. २०२१ पासून त्या भ्रमणध्वनीवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये आल्या. वही असो की पडदा, जे मोजता येते तेच त्यात भरते. गोष्ट सांगताना बाई मुलांकडे पाहत होती की दाराकडे, रडणारे मूल किती वेळाने थांबले व कशाने, याला रकाना नाही. पर्यवेक्षिकांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यात मुलांत रमणाऱ्या बाया आहेत. पण त्यांचे पद पाहण्यासाठी निर्माण झाले, बसण्यासाठी नव्हे.

आणि सेविकेचे तरी स्थान काय? तिला पगार नाही, ‘मानधन’ आहे. ती नोकर नव्हे, मानसेवी. तिला ग्रॅच्युइटी लागू आहे हे सांगण्यासाठी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. जिच्या कामाला काम म्हणावयाचे की नाही याचाच निर्णय लागत नाही, तिला ते काम अधिक चांगले करावयास शिकविण्याची निकड कोणास वाटावी?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या बाजूकडे लक्ष दिले, हे कबूल केले पाहिजे. बारावी किंवा अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका. काम न सोडता, दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने. आणि शिक्षणखात्याच्या समूह साधन केंद्राने महिन्यातून निदान एक संपर्कवर्ग घेऊन त्यांना मार्गदर्शन करावे, अशी योजना त्यात आहे. मार्गदर्शनाची गरज धोरणाच्या कागदावर आली ही समाधानाची बाब आहे. पण आपल्याकडे या केंद्राचा कारभार पाहणारा केंद्रप्रमुख प्राथमिक शाळेतून आलेला असतो. तीन वर्षांच्या मुलाशी व्यवसाय म्हणून त्याचा संबंध क्वचितच आलेला असतो. हिशेब, भाषा व परीक्षा त्याच्या अंगवळणी पडलेल्या; तो बालवाडीत गेला की त्याला प्रथम पाटी-पेन्सिल आठवणार. अशाने मार्गदर्शन झाले तर अंगणवाडी ही पहिलीची पहिली होऊन बसेल, आणि ताराबाई-गिजुभाई ज्याच्याशी जन्मभर भांडले तेच पुन्हा दारात येईल.

यावर एक उपाय आमच्या मते हाताशी आहे, आणि त्यास फार पैसा लागत नाही. योजनेच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत लागलेल्या सेविका एकामागून एक निवृत्त झाल्या वा होत आहेत. त्यांतल्या सर्वच काही निष्णात नव्हेत. पण प्रत्येक तालुक्यात अशा पाच-दहा बाया असतातच की ज्यांच्या अंगणात मूल आपणहून येते, आणि ज्यांना ते का येते हे ठाऊक असते. नव्याने लागणाऱ्या सेविकेला पहिले सहा महिने तिच्या स्वतःच्या अंगणवाडीत अशा एका बाईची सोबत द्यावी. त्या बाईने नोंदवहीला हात लावू नये, अहवाल लिहू नये. सकाळी यावे, मुलांत बसावे, आणि मुले घरी गेल्यावर दोघींनी त्या दिवसाचे बोलावे. तिला मात्र मानधन नव्हे, वेतन द्यावे. अशी बाई नेमकी कोणत्या गावी आहे हे शोधण्यासाठी समिती नेमण्याचे कारण नाही. ते त्या भागातल्या पर्यवेक्षिकेस तोंडपाठ असते.